खाऱ्या टाकीतलं शेवाळ आणि कृष्णाकाठचं पाणी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, सांगलीहून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरला की रत्नागिरी. अंतर फार नाही, पण मध्ये सह्याद्री आहे. तरीही सातारा, कराड, सांगली, मिरज या गावांत घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे हौशी लोक आहेत. गप्पी-गोल्डफिशवाल्यांच्या मानानं मोजकेच, पण आहेत. क्लाउनफिशची एक जोडी, दोन-चार गोगलगायी, एखादी कोळंबी, दगडांची रचना आणि वर निळा दिवा. आणि बहुतेकांची पहिल्या वर्षातली तक्रार एकच: शेवाळ जात नाही. दगड घासले, काच पुसली, पाणी बदललं, आठ दिवसांत पुन्हा तेच.

या हट्टीपणाचं कारण शेवाळात कमी आणि आपल्या पाण्यात जास्त असतं. टाकीत जेवढं नत्र आणि स्फुरद शिरेल तेवढं शेवाळ उगवेल. ते मुंबईत खरं आहे आणि मायामीतही. फरक एवढाच की परदेशी पुस्तकातला किंवा मुंबईच्या दुकानदाराचा सल्ला एका विशिष्ट पाण्याला धरून दिलेला असतो. उसाच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी त्या सल्ल्यात धरलेलं नसतं.

आधी ओळख पटवा

शेवाळ म्हणून आपण ज्याच्यावर तुटून पडतो ते पाच-सहा वेगवेगळे जीव असतात. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर तो नुसता वाया जात नाही, कधीकधी उलटतो.

नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी बसते. बोटानं पुसली की निघते. हे डायाटम. त्यांच्या कवचाला सिलिका लागते. पाण्यातली सिलिका संपली की तेही ओसरतात. इथं काही करू नये, हाच उपाय. मात्र सहा महिने झाले तरी ही भुकटी येतच राहिली, तर सिलिका रोज कुठून तरी आत येते आहे असं समजावं. तो धागा पुढे पाण्याच्या भागात येईल.

लालसर-जांभळा, बुळबुळीत थर वाळूवर पसरला, त्यात हवेचे बुडबुडे अडकले आणि नळीनं ओढल्यावर अख्खा पापुद्रा सुटून आला, तर ते सायनोबॅक्टेरिया. म्हणजे शेवाळ नव्हेच, जीवाणू. पाणी जिथं थांबतं आणि घाण जिथं साचते, तिथं त्यांचं बस्तान. दगडामागचा कोपरा, वाळूतली खोलगट जागा. पापुद्रे ओढून काढायचे आणि त्या कोपऱ्याकडे पंपाचं तोंड वळवायचं. दुकानात मिळणारी लाल शेवाळाची पावडर बहुधा प्रतिजैविक असते. त्यानं थर दोन दिवसांत जातो, पण टाकीतले उपयोगी जीवाणूही दुखावतात आणि कोपरा तसाच राहिला तर थर परत येतो.

बोटभर वाढणारे हिरवे केस म्हणजे हेअर अल्गी. नव्वद टक्के तक्रारी हिच्याच असाव्यात असा माझा अंदाज. केसांऐवजी बारीक पिसाची रचना दिसली, मधली दांडी आणि दोन्ही बाजूंना फांद्या, तर ते ब्रायोप्सिस. ते जास्त चिवट, कारण खाणारे जीव त्याला तोंड लावायला फारसे तयार नसतात. आणि दगडाच्या फटीत हिरवे चकचकीत मणी दिसले तर ती व्हॅलोनिया. तिचा अख्खा मणी म्हणजे एकच पेशी. तो टाकीत फोडू नये. दगड बाहेर काढून, मणी मुळासकट खरवडून, खाऱ्या पाण्यात धुऊन मगच आत ठेवावा.

उलट्या तब्येतीचे डायनोफ्लॅजेलेट

यांना वेगळी जागा द्यायला हवी, कारण यांच्याबाबतीत सगळं उलटं चालतं. तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर, त्यातून वर निघालेल्या तारा आणि तारांच्या टोकाला बुडबुडे. सकाळी वाळू स्वच्छ, दुपारी थर, रात्री दिवे गेले की पुन्हा विरळ. गोगलगायी सुस्त पडायला लागतात, मरतात. काही प्रजातींमध्ये, विशेषतः ऑस्ट्रिऑप्सिसमध्ये, विष असतं.

खात्री करायची सोपी रीत अशी: थोडा थर पाण्यासकट बाटलीत घ्यावा, जोरात हलवावा, कागदी गाळणीतून गाळावा आणि ते पाणी तासभर उजेडात ठेवावं. पुन्हा तारा आणि गुठळ्या जमल्या तर डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता बरीच. शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच.

हे येतात ते बहुतेकदा अति स्वच्छ टाकीत. मालकानं हेअर अल्गीवर चिडून फॉस्फेट शोषणारी लोहाची दाणेदार भुकटी भरमसाट घातली, आठवड्याला अर्धं पाणी बदललं, माशांना उपाशी ठेवलं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले. स्पर्धा करणारे बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडले आणि रिकाम्या रानात हे घुसले. अशा वेळी पाणी बदलणं थांबवायचं, भुकटी काढायची आणि टाकीत नत्र-स्फुरद थोडं वाढवायचं. सोबत, रात्री पाण्यात तरंगणाऱ्या प्रजातींसाठी अतिनील दिवा.

आता इथं सांगलीकराला एक गोष्ट आपोआप समजते जी मुंबईकराला समजावून सांगावी लागते. नत्र वाढवायला हौशी लोक पोटॅशियम नायट्रेट वापरतात, म्हणजे द्राक्षबागायतदाराच्या शेडमधलं १३:०:४५. स्फुरदासाठी मोनो पोटॅशियम फॉस्फेट, म्हणजे ०:५२:३४. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटचा १ ग्रॅम २०० लिटरच्या टाकीत घातला तर नायट्रेट साधारण ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरनं वाढतं. मात्र पोत्यातलं खत टाकीत ओतू नये. त्यात काय भेसळ आणि कोणती सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळली आहेत ते पोतं सगळं सांगत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाची छोटी बाटली घ्यावी. आणि १९:१९:१९ तर मुळीच नको. त्यात अमोनिया आणि युरिया असतात, मासे गुदमरतील.

पाणी येतं कुठून

इथं जरा थांबायला हवं, कारण आपल्या भागातल्या बहुतेक हट्टी टाक्यांचं मूळ इथं आहे.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, नायट्रेटला ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत परवानगी देतं. माणसाला ते चालतं. खाऱ्या टाकीत मात्र नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आसपास ठेवायचं असतं. म्हणजे सरकारी प्रयोगशाळेनं ‘पिण्यास योग्य’ असा शेरा मारलेलं पाणी टाकीच्या दृष्टीनं पातळ केलेलं खत असू शकतं. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यातल्या विहिरींना नायट्रेट वाढलेलं आढळणं यात नवल नाही. शेतात टाकलेला युरिया पिकानं उचलला नाही तर पाण्याबरोबर खाली जातो.

हिशेब करून पाहू. एप्रिलमध्ये सांगलीत २०० लिटरच्या उघड्या टाकीतून दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी सहज उडतं. मीठ मागे राहतं, त्यामुळे भर गोड्या पाण्याची घालायची असते. समजा बोअरच्या पाण्यात ४० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. अडीच लिटर भर म्हणजे रोज १०० मिलिग्रॅम नायट्रेट आत. २०० लिटरमध्ये रोज अर्धा मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढ, महिन्याला पंधरा. मासे न ठेवता, खाद्याचा कण न टाकता. वर मालक दर रविवारी त्याच पाण्यात मीठ कालवून पाणी बदलतो आणि शेवाळ का जात नाही म्हणून विचारतो.

दुसरी गोष्ट सिलिकेची. कृष्णाखोऱ्याखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. या खडकातली खनिजं पाण्याबरोबर झिजतात आणि सिलिका भूजलात उतरते. म्हणूनच बोअरवर चालणाऱ्या टाकीत डायाटमची भुकटी वर्षभर येत राहते. ती ‘नव्या टाकीची’ असते हा पुस्तकी नियम आपल्याकडे पुरता लागू पडत नाही.

सातारा शहराची गोष्ट थोडी वेगळी. शहराला येणारं कास तलावाचं पाणी जांभ्याच्या पठारावर पडलेल्या पावसाचं, त्यामुळे त्यात क्षार कमी. बोअरच्या तुलनेत ते सौम्य. पण नळाला येताना त्यात क्लोरीन असतंच, आणि एकाच शहरात पाणी दोन-तीन योजनांतून येतं. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णेकाठी क्षारपड जमिनी आहेत. तिथल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, हजाराच्या वर जाणं नवलाचं नाही. तिथं शुद्धीकरणाचं यंत्र लावलं तरी त्याचा गाळणारा पडदा लवकर खराब होतो, याची तयारी ठेवावी. सांगलीत पुराच्या दिवसांत नदीचं पाणी गढूळ येतं आणि शुद्धीकरणात तुरटी व क्लोरीन वाढतं. त्या पंधरवड्यात पाणी बदलायचं असेल तर आधी साठवून ठेवलेलं वापरावं.

मग वापरायचं काय? आरओचं पाणी, पण कोणतंही नव्हे. घरगुती आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, कधी खनिजं घालणारं नळकांडं असतं. आपल्याला दोन्ही नकोत. तंत्रज्ञाला सांगून त्या कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद करून घ्यावा आणि पडद्यानंतर लगेच पाणी काढून घ्यावं. पडदा बराचसा नायट्रेट अडवतो, सगळा नाही. सिलिकेच्या बाबतीतही थोडी गळती राहते. म्हणून पुढे रंग बदलणाऱ्या रेझिनचं नळकांडं जोडायचं आणि टीडीएस मीटरवर शून्य आणायचं. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि हा सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. रेझिन संपत आलं की सिलिका सर्वात आधी निसटते, मीटर मात्र तोवर शून्यच दाखवत असतो. त्यामुळे रंग पाहून बदलावं, मीटरची वाट पाहू नये.

गावोगावी वीस लिटरचे जार विकणारे प्रकल्प आहेत. त्यांचं पाणी आरओचंच असतं, पण चवीसाठी त्यातही मिसळ असते. जार घेण्याआधी मीटर बुडवून पाहावा. दुकानदार चिडला तर चिडू द्यावा.

पावसाचं पाणी हा मोह महाबळेश्वर-पाचगणीकडच्या लोकांना होणारच. तो वाईट नाही. पहिले काही पाऊस जाऊ द्यावेत, पत्र्याऐवजी स्वच्छ स्लॅबवरून किंवा थेट ताडपत्रीवरून घ्यावं, तांब्याच्या पन्हाळीचा संबंध नको. साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी गच्ची आधी घासून घ्यावी. गळिताच्या हंगामात बसलेली काजळी आणि राख पहिल्या सरीबरोबर टाकीत जायला नको.

समुद्राचं पाणी आणि मीठ

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१ पासून समुद्र समोरच होता. रत्नागिरीच्या झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथंही तेच. आपल्याकडे प्रत्येक लिटर घाट चढवून आणावा लागतो. आणणारे आणतात. त्यांच्यासाठी एवढंच: खाडीच्या तोंडाशी घेऊ नये, मासेमारी बंदराजवळ घेऊ नये, जून ते सप्टेंबर घेऊ नये. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्याचा खारेपणा खाली आणतं आणि शेतांचं खतही सोबत आणतं.

मिठाच्या आगरातलं मीठ वापरून स्वस्तात काम होईल, असं सुचवणारा एक तरी शहाणा भेटतो. होत नाही. आगरात पाणी आटताना जिप्सम आधी खाली बसतो, मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं. हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. टाकीसाठी तयार मिश्रणच घ्यावं, लिटरला साधारण ३५-३६ ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरनं विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६ पाहावं.

खाद्याचा हिशेब

पाणी शुद्ध केलं तरी एक दरवाजा उघडाच राहतो. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. रोज १ ग्रॅम खाद्य म्हणजे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या भाषेत ३० मिलिग्रॅम. २०० लिटरमध्ये वाटलं तर ०.१५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे वर सांगितलेली ०.१ ची मर्यादा एका दिवसात ओलांडली. सगळं पाण्यात विरघळत नाही, काही माशाच्या अंगी लागतं, काही फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर बाहेर काढतो, पण चिमूट म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून हे आकडे.

दोन क्लाउनफिशना दिवसाला चिमटीचा चिमटा पुरतो. पाहुणे आले की मुलं दाखवायला म्हणून पुन्हा खायला घालतात, ती प्रथा बंद करावी. गोठवलेलं खाद्य असेल तर आधी गाळणीत वितळवून त्याचं पाणी टाकून द्यावं.

आणि एक फसवणूक ओळखून ठेवावी. टाकीभर हेअर अल्गी आहे, पण टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं. म्हणजे फॉस्फेट नाही असं नव्हे. शेवाळानंच ते गिळून टाकलं आहे. शिवाय जुन्या दगडांत ते मुरलेलं असतं आणि पाण्यातलं कमी झालं की दगडातून परत सुटतं. रंग जुळवण्याच्या साध्या किटला ०.१ च्या खालचं धड दिसतही नाही. खिशात मावणारा कलरीमीटर महाग पडतो. चार-पाच हौशी लोकांनी मिळून एक घ्यावा. जिल्ह्यांत माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत, तिथं बोअरच्या पाण्याचा नायट्रेट जरूर तपासून घ्यावा, पण टाकीतल्या एवढ्या बारीक फॉस्फेटसाठी त्या नाहीत.

हातानं काढणं, अंधार, प्रवाह

हातानं काढणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. उपटून बाहेर टाकलेल्या शेवाळाबरोबर त्यानं खाल्लेलं नत्र-स्फुरदही टाकीबाहेर जातं. आत घासून पाण्यात सोडलेलं शेवाळ मात्र कुजून पुढच्या पिकाचं खत होतं. म्हणून नळी चालू ठेवून तिच्या तोंडाशी टूथब्रशनं घासायचं, पाणी बादलीत सोडायचं. एका वेळी एकच दगड. सगळी टाकी एका दिवसात चकचकीत करायच्या नादात अमोनिया वाढतो आणि मासे जातात.

पाणी बदलण्याबद्दल भाबडा विश्वास नको. दहा टक्के पाणी बदललं तर नायट्रेट दहा टक्केच घटतं. ४० वरून २० वर यायला, नव्यानं काही आत येत नाही असं धरलं तरी, अशा सात फेऱ्या लागतात.

तीन दिवस टाकी झाकून पूर्ण अंधार हा उपाय सायनो आणि डायनोफ्लॅजेलेटवर तात्पुरता चालतो. माशांना त्रास नाही, फक्त हवेचा पंप चालू ठेवावा, कारण मरणारं शेवाळ प्राणवायू खातं. हेअर अल्गी तीन दिवसांत मरत नाही, नुसती फिकट होते. एरवी दिवे आठ तासांच्या वर नकोत, आणि पश्चिमेच्या खिडकीतून टाकीवर ऊन येत असेल तर पडदा. सांगलीच्या उन्हाळ्यात ती खिडकी पाणीही तापवते.

शेवाळ दुसरीकडे उगवू देणं

मला सर्वात पटलेला उपाय हा. शेवाळ उगवणारच असेल तर आपल्या सोयीच्या जागी उगवावं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर अॅडे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावरून एक यंत्रणाच बसवली: खरखरीत जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा सोडायचा, जाळीवर भरपूर प्रकाश टाकायचा, तिथं शेवाळ उगवू द्यायचं आणि आठवड्याला जाळी खरवडायची. टाकीतल्या शेवाळाला खायला उरत नाही.

घरी हे प्लास्टिकच्या डब्यात, शिवणकामाच्या जाळीवर, लहान पंप आणि लाल-पांढऱ्या एलईडीवर होतं. टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे दुसऱ्या छोट्या टाकीत, जागा असेल तर कीटोमॉर्फा या शेवाळाचा गुंता ठेवावा आणि त्याचा दिवा रात्री लावावा. दोन्हीला वेळ लागतो. पहिला महिना काहीच होत नाही असं वाटतं, आणि नेमक्या त्याच महिन्यात लोक औषधांकडे वळतात.

औषधं, आणि मोरचूद का नको

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे शेततळ्यांत शेवाळ झालं की ठिबकच्या नळ्या तुंबतात. तिथं मोरचूद वापरण्याची रीत आहे, आणि द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाच्या रूपानं मोरचूद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यामुळे खाऱ्या टाकीलाही तोच सुचवला जातो. सुचवणारा चांगल्या मनानं सुचवतो. पण तांबं गोगलगायी, कोळंबी, खेकडे, सगळ्या बिनकण्याच्या जीवांना मारतं, आणि दगडात-वाळूत मुरून पुढे कित्येक महिने थोडं थोडं सुटत राहतं. एकदा मोरचूद पडलेली टाकी पुन्हा कोळंबीसाठी वापरायची तर दगड-वाळू टाकून द्यायची तयारी हवी.

हायड्रोजन पेरॉक्साइड त्या मानानं सौम्य, कारण त्याचं शेवटी पाणी आणि प्राणवायू होतो. पण टाकीत ओतण्यापेक्षा दगड बाहेर काढून, शेवाळावर ब्रशनं लावून, दोन-तीन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात खंगाळून ठेवणं बरं. औषधाच्या दुकानातली बाटली बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ची असते, म्हणजे सुमारे सहा टक्के, परदेशी मार्गदर्शनातले आकडे तीन टक्क्यांचे असतात. बरोबरीनं शुद्ध पाणी मिसळूनच वापरावं.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल चालतं असा जगभरच्या हौशी लोकांचा अनुभव आहे, लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम. हे माणसांचं बुरशीनाशक, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं. द्राक्षावर फवारल्या जाणाऱ्या हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलच्याच गोत्रातलं. ते हेअर अल्गी समजून केलेल्या चुकीच्या ओळखीवर उधळू नये, आणि ब्रायोप्सिस गेल्यावर पाण्यातलं नायट्रेट तसंच राहिलं असेल तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला झालं असं समजावं. रिकाम्या दगडावर दुसरं काहीतरी उगवेलच.

खाणारे जीव आणि कायदा

गोगलगायी घ्याव्यात, पण त्या फक्त कोवळं शेवाळ खातात. बोटभर केस आधी उपटून द्यावे लागतात. लॉनमोअर ब्लेनी हा मासा बरं काम करतो. टँग जातीचा मासा मात्र दुकानदार कितीही म्हणाला तरी २०० लिटरच्या टाकीत घालू नये; त्याला पोहायला जागा लागते.

कायदा इथं आड येतो आणि ते योग्यच आहे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आणि समुद्रघोडे आले. त्याच वेळी ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस या मोठ्या शंखांनाही संरक्षण मिळालं. परदेशी पुस्तकं ज्या ‘जिवंत दगडा’चा सल्ला देतात तो बहुतेकदा प्रवाळाचा सांगाडा असतो; भारतीय किनाऱ्यावरून तो उचलणं गुन्हा आहे. सिरॅमिक किंवा सिमेंटचे दगड घ्यावेत. त्यांचा फायदा असा की जुन्या दगडासारखं फॉस्फेट त्यांत मुरलेलं नसतं.

वीज, ऊन आणि पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि सांगलीचा बराच भाग कित्येक दिवस विजेविना राहिला. अशा वेळी टाकीतलं नुकसान दोन हप्त्यांत होतं. पहिल्या दिवशी पंप थांबतो, प्राणवायू घटतो, दगडांतले किडे, गोगलगायी, जीवाणू मरतात. दुसरा हप्ता तीन-चार आठवड्यांनी: त्या मेलेल्या जीवांचं नायट्रेट आणि फॉस्फेट झालेलं असतं आणि दगडांवर हिरवळ उगवते. तेव्हा मालक दिव्यांना आणि मिठाला दोष देतो. मोठा वीजखंड झाला की लगेच मेलेलं उचलावं, खाद्य निम्मं करावं, कार्बनची पिशवी ठेवावी.

घरच्या इन्व्हर्टरवर पाणी थंड करणारा चिलर चालवायचा प्रयत्न नको. दहा-पंधरा वॅटचा, लाटा करणारा एक पंप रात्रभर चालला तरी टाकी तगते. उन्हाळ्यात पाण्यावर वारा सोडणारा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण पाणीही जास्त उडवतो, म्हणजे भर जास्त, म्हणजे वरचा बोअरच्या पाण्याचा हिशेब आणखी कडक. पावसाळ्याच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी होतो.

काढलेलं शेवाळ कुठं टाकायचं

१९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाखालच्या पाण्यात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा चौरस मीटरभर ठिपका दिसला. मत्स्यालयातल्या टाक्यांत शोभेला वाढवलेला तो वाण. नीसचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर मेनेझ यांनी धोक्याची सूचना दिली, वाद झाले, वर्षं गेली आणि १९९० चं दशक संपेपर्यंत त्यानं भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला. २००० मध्ये तेच शेवाळ कॅलिफोर्नियाच्या अग्वा हेडिओंडा खाजणात सापडलं. तिथं लोक ताबडतोब हलले: ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडलं आणि २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर केलं.

म्हणून टाकी मोडताना ‘समुद्राचं समुद्राला’ म्हणून दगड-शेवाळ गणपतीपुळ्याला किंवा दाभोळच्या खाडीत सोडून येऊ नये, मासेही नाहीत. शेवाळ गोड्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून कचऱ्यात द्यावं.

बदललेलं पाणी मोरीत ओतावं. कढीलिंबाच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात नव्हे. त्या वीस लिटरच्या बादलीत ७०० ग्रॅम मीठ असतं, आणि मिरज-वाळव्याच्या जमिनीत मीठ आधीच पुरेसं आहे.